करार आहे म्हणून कर माफ होत नाही

दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असला, की एकीकडे कर भरल्यावर दुसरीकडे काहीच देणे नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. बहुतेक वेळा तो खोटा ठरतो.

करार कर माफ करत नाही, कोणी किती घ्यायचा ते ठरवतो. समजा, परदेशातल्या व्याजावर तिथे १० टक्के कर कापला गेला आणि तुम्ही जिथले रहिवासी आहात तिथला दर ३० टक्के आहे. क्रेडिट पद्धतीत ते १० वजा होतात. उरलेले २० भरावेच लागतात. काही उत्पन्नाला पूर्ण सूट देणारे करारही आहेत, पण सरसकट नाही.

गंमत म्हणजे करार नसतानाही अनेक देश हे क्रेडिट देतात. अमेरिकेने तर १९१८ च्या महसूल कायद्यातच ते आणले. मग करार कशाला? मुख्यतः उत्पन्न जिथे निर्माण होते तिथला कर कमी करायला. म्हणजे महसूल सोडतो तो बहुधा भांडवल आयात करणारा, अनेकदा गरीब देश. बदल्यात गुंतवणूक वाढेल ही आशा, पण त्यावर संशोधकांचे एकमत नाही. शिवाय तिसऱ्याच देशातल्या कंपन्या सोयीच्या करारातून पैसा वळवतात. मंगोलियाने २०१२ मध्ये नेदरलँड्सबरोबरचा करार मोडायचे ठरवले, ते महसूल असा निसटतो म्हणूनच.