पार्श्वभूमी : वस्तीतला रस्ता खणायचा की वरून थर द्यायचा

वर्दळीच्या रस्त्याचे काय करायचे हे वाहनांच्या मोजणीवरून बरेचसे ठरते. वस्तीतल्या शांत रस्त्याचा वाद मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो, कारण त्यात फेकले जाणारे आकडे अशा रस्त्यांसाठी बनलेलेच नाहीत.

खडीचे थर दाबून रस्ता करण्याची रीत १९व्या शतकाच्या आरंभी रुळली, डांबर त्यानंतर आले. आजच्या वादाची मुळे त्याहून बरीच अलीकडची. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या चाचणी-रस्त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून ढोबळ नियम निघाला : नुकसान आसावरच्या (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आठ टनांचा एक आस जेवढी झीज करतो, तेवढी करायला ०.८ टनाचे दहा हजार आस जावे लागतात. म्हणजे शांत रस्त्यावर मोटारी जवळपास हिशेबात येतच नाहीत. भार पडतो तो कचरागाडीचा आणि बांधकामाच्या डंपरचा. उरलेले काम ऊन आणि पाणी करतात.

१९७०च्या दशकात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी ० ते १०० गुणांची पद्धत आली. भेगा, चाकोऱ्या, खड्डे, ठिगळे यांची तीव्रता आणि व्याप्ती मोजून शंभरातून गुण वजा करायचे. ती पुढे शहरांनी उचलली आणि गुणांना उपाय जोडून टाकले : वरच्या पट्ट्यात भेगा भरा, मधल्यात थर द्या, खालच्यात पुनर्बांधणी. खरी मेख इथेच आहे.

हे गुण फक्त पृष्ठभागाचे. समजा, दोन रस्त्यांना ३५ गुण मिळाले. एकावरचे डांबर उन्हाने कडक होऊन मोठ्या चौकटींसारख्या भेगा पडल्या आहेत, पण खालची खडी शाबूत आहे. तिथे ४० ते ५० मिलिमीटर खरवडून नवा थर दिला की काम झाले. दुसऱ्यावर चाकांच्या वाटेत बारीक जाळीदार भेगा आहेत आणि दाब पडला की त्यातून गाळ वर येतो. तिथला पाया मेलेला आहे; नवा थर एक-दोन पावसाळ्यांत फुटतो. दोघांना एकच उपाय लावला, तर एकीकडे धडधाकट रस्ता खणला जातो आणि दुसरीकडे थराचा पैसा बुडतो. गुणांवरून थेट पुनर्बांधणी ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

पाया तपासणे अवघडही नाही. डांबराचा गाभा (गोल नळकांड्यासारखा तुकडा) काढून जाडी पाहायची, त्याच छिद्रातून टोकदार सळई आठ किलोच्या हातोड्याने ठोकायची आणि प्रत्येक ठोक्याला ती किती मिलिमीटर उतरते ते नोंदवायचे. नमुने नळ टाकण्यासाठी खणलेल्या जुन्या चरांवर आणि न खणलेल्या भागात वेगवेगळे घ्यावेत. सरासरी काढली की दोष लपतो. ‘रस्ता खचला’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा खचलेला असतो तो चर. नळ टाकून झाल्यावर माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत दाबायची असते, ती एकदमच लोटली जाते. मग कडा फाटतात, पाणी साचते आणि ते शेजारच्या शाबूत पायातही मुरते.

थराच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट विसरतात. न खरवडता दिलेला ५० मिलिमीटरचा प्रत्येक थर रस्त्याची पातळी चढवतो. १५० मिलिमीटर उंचीचा कडेचा दगड दोन थरांनंतर ५० मिलिमीटर उरतो आणि पावसाचे पाणी गटाराऐवजी अंगणात शिरते. अशा वेळी पाया चांगला असूनही खरवडावे लागतेच. शिवाय पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात गटार, कडेचे दगड आणि जलवाहिन्याही धरलेल्या असतात. ती रक्कम नुसत्या थराच्या रकमेशी ताडणे अन्यायाचे आहे.

अलीकडे तिसरा मार्गही आहे : जुने डांबर आणि खडी जागेवरच १५ ते ३० सेंटिमीटर खोल दळून त्यात सिमेंट किंवा फेसाळलेले डांबर मिसळायचे आणि तोच नवा पाया करायचा. मालाची वाहतूक वाचते, नवी खडी कमी लागते. मात्र त्याआधी चेंबरची झाकणे खाली घ्यावी लागतात, आणि उथळ नळ असतील तर ते यंत्राच्या दातांत सापडतात.