लाळग्रंथीची गाठ आणि बारीक सुई: पार्श्वभूमी

कानाखाली गाठ दिसली की आपल्याकडे पहिला संशय गालगुंडाचा, दुसरा दाढेचा. दुखत नाही, ताप नाही, म्हणून गोव्यात पेडणे-डिचोलीकडचा माणूस महिनोन्महिने अंगावर काढतो आणि मग बांबोळी गाठतो. तिथल्या गोमेकॉतले, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातले, डॉक्टर चाचपून बघतात आणि कागदावर लिहितात, ‘एफएनएसी’. म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घ्यायच्या, काचेच्या स्लाइडवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. घरचे विचारतात, सरळ तुकडा काढून का तपासत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. पण चेहरा हलवणारी नस कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतूनच फाकत जाते. तिला इजा झाली तर डोळा नीट मिटत नाही, ओठ वाकडा होतो. शिवाय इथली नेहमीची गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा. ती कर्करोग नव्हे, पण तिचं आवरण फाटून पेशी सांडल्या तर काही वर्षांनी त्याच जागी बारक्या गाठींचा घोस उगवतो. म्हणून सर्जन गाठ फोडत नाहीत, भोवतालच्या ग्रंथीसकट काढतात. तेवढ्या मोठ्या ऑपरेशनआधी आत काय आहे याचा अंदाज हवा, तो सुई देते.

ही पद्धत रूढ केली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलने. सर्जन हेज मार्टिन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड एलिस यांनी ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. सुई १८ गेजची, चांगलीच जाड. तिथलेच पॅथॉलॉजिस्ट फ्रेड स्ट्यूअर्ट यांनी १९३३ मध्ये त्या स्लाइडचा अनुभव मांडला. तरी अमेरिकेत इतरत्र ती फारशी चालली नाही. सुईच्या वाटेने रोग पसरेल अशी धास्ती होती, आणि सुट्या पेशींवरून निदान करणं पॅथॉलॉजिस्टांना रुचत नव्हतं.

रुजली ती स्वीडनमध्ये. १९५० आणि ६० च्या दशकांत स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत सिक्स्टन फ्रान्झेन आणि योसेफ झायिचेक यांनी सुई बारीक केली. गाठ चाचपायची, टोचायची आणि स्लाइडही वाचायची, हे सगळं एकाच डॉक्टरकडे ठेवलं. माझ्या मते खरी क्रांती हीच. हाताला लागलेलं आणि डोळ्याला दिसलेलं एका डोक्यात जुळतं, तेव्हा निदान पक्कं होतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर एनेरोथ यांच्यासोबत त्यांनी लाळग्रंथींच्या गाठींवर खास काम केलं. आपल्याकडे तोवर गोवा मुक्त झाला होता, आणि पणजीच्या १८४२ मधल्या जुन्या एस्कोला मेडिकाचं १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झालं होतं. भारतात ही तपासणी पसरली ती नंतर, आणि तिच्या स्वस्ताईमुळे.

लाळग्रंथीत सुईपेक्षा नावांचा घोळ मोठा. हे कर्करोग दुर्मिळ, डोक्या-मानेच्या कर्करोगांत साधारण पाच टक्के. त्यांतही वीसहून अधिक प्रकार. स्ट्यूअर्ट यांनीच सहकाऱ्यांसह १९४५ मध्ये म्युकोएपिडर्मॉइड गाठींचं वर्णन केलं, तेव्हा त्यातल्या काही निरुपद्रवी मानल्या. पुढे सगळ्याच कर्करोगात गेल्या. असिनिक सेल गाठही बराच काळ साधी समजली जाई. तिच्या पेशी निरोगी ग्रंथीच्या पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे स्लाइडवर आजही चकवा होतो. कमी आक्रमक म्युकोएपिडर्मॉइडमध्ये कधी सुईत नुसता चिकट द्राव येतो, पेशी नावाला. रिपोर्ट ‘सिस्ट’, म्हणजे द्रवाची साधी पिशवी, म्हणून जातो आणि रोग तसाच राहतो. अॅडिनॉइड सिस्टिक या कर्करोगात स्लाइडला दिलेल्या गिम्सा रंगात किरमिजी गोळे आणि त्यांभोवती काळसर पेशी असं देखणं चित्र दिसतं, पण तसंच थोडंफार साध्या गाठीतही दिसू शकतं. हा कर्करोग नसांच्या कडेने सरकतो, आणि फुप्फुसात कधी कधी वर्षांनंतर उगवतो.

२०१० मध्ये आलेना स्कालोवा आणि सहकाऱ्यांनी असिनिक म्हणून गणलेल्या गाठींतून सिक्रेटरी कार्सिनोमा वेगळा काढला. त्याची खूण म्हणजे ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ या जनुकांची जोडणी. २०१८ मध्ये अमेरिकेत अशा एनटीआरके जोडणीवरचं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध मंजूर झालं. म्हणजे नावाचा घोळ आता नुसता पुस्तकी राहिलेला नाही.

रिपोर्टांची भाषा मात्र लॅबगणिक वेगळी होती. २०१५ मध्ये मिलानच्या परिषदेत तज्ज्ञांनी सामायिक पद्धतीचं काम हाती घेतलं. ‘मिलान सिस्टिम’ २०१८ मध्ये छापून आली, दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. तिच्यात ‘गाठ नक्की आहे, पण साधी की कर्करोगाची हे सुईवरून ठरत नाही’ असा स्वतंत्र वर्ग आहे. पहिल्या आवृत्तीनुसार त्यात कर्करोगाचा धोका सुमारे ३५ टक्के. साध्या गाठीच्या वर्गात तो पाच टक्क्यांहून कमी, कर्करोगाच्या वर्गात ९० च्या आसपास.

घरच्यांना हा मधला वर्ग टाळाटाळ वाटतो. तो प्रामाणिक आहे, आणि बहुधा त्याचा पुढचा टप्पा ऑपरेशन हाच असतो. कधी ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे काढलेला तुकडा गोठवून लगेच तपासतात. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटात जायचं ठरलं, तर नुसता रिपोर्टाचा कागद पुरत नाही. लॅबमधून मूळ स्लाइड मागून घ्याव्या लागतात, आणि ऑपरेशन झालेलं असेल तर काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले तुकडे, म्हणजे ब्लॉकही.