टीव्ही रेकॉर्डिंगचे स्वयंचलन
घरी कोणी नसताना ठरलेला कार्यक्रम संगणकाने आपणहून उतरवून घेणे, त्यातल्या जाहिराती हेरणे आणि फाइल लहान करून ठेवणे, अशी ही व्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच घरात सह्याद्री आणि चंदना या दोन्ही वाहिन्या पाहिल्या जातात. मराठी बातम्या आणि कन्नड मालिका एकाच वेळी आल्या की या व्यवस्थेची खरी गरज भासते.

दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डीडी फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते. बेळगावातून हा उपग्रह आग्नेयेला, खऱ्या उत्तरेपासून सुमारे 128 अंशांवर आणि क्षितिजापासून 61 अंश उंच असतो. खुल्या वाहिन्या डीव्हीबी-एस2 (उपग्रह प्रक्षेपणाची एक पद्धत) ट्यूनर कार्डाने, म्हणजे डिशचा सिग्नल पकडणाऱ्या संगणकाच्या कार्डाने, थेट संगणकात घेता येतात. सशुल्क डीटीएचचे कूटबद्ध प्रक्षेपण नुसत्या कार्डाने उघडत नाही. एकाच ट्रान्सपाँडरवरच्या (अनेक वाहिन्या एकत्र पाठवणारा उपग्रहावरचा प्रक्षेपक) अनेक वाहिन्या एका ट्यूनरवर एकदम उतरतात. ट्रान्सपाँडर वेगळे असले की दुसरा ट्यूनर आणि दोन तोंडांची एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल घेणारा भाग) हवी.

टीव्हीहेडएंड या रेकॉर्डिंगच्या प्रणालीमध्ये कार्यक्रमाच्या नावावरून किंवा ठरावीक वेळेवरून नियम लावता येतो. वाहिनीचे वेळापत्रक अपुरे असेल तिथे वेळेचाच नियम भरवशाचा. आधी 5 आणि नंतर 10 मिनिटे जादा ठेवावीत. मात्र हीच जादा मिनिटे पुढच्या कार्यक्रमाचा ट्यूनर अडवतात, आणि तो कार्यक्रम हुकतो.

सेकंदाला 2.5 मेगाबिटचे प्रक्षेपण तासाला सुमारे 1.1 जीबी जागा घेते. रेकॉर्डिंग संपताच कॉमस्किप ही जाहिराती हेरणारी प्रणाली चालते. काळ्या चौकटी (क्षणभर पूर्ण काळे होणारे चित्र) आणि वाहिनीचे बोधचिन्ह यांवरून ते जाहिराती ओळखते. जाहिरातीतही बोधचिन्ह पडद्यावर राहिले आणि मध्ये काळी चौकट आली नाही, तर अंदाज चुकतो. म्हणून फाइल कधीही कापू नये, फक्त खुणांची फाइल ठेवावी. तिच्यातली एक ओळ अशी असते: 1812.40 2035.88 3. सुरुवात, शेवट (दोन्ही सेकंदांत) आणि ‘जाहिरात’ हा अर्थ सांगणारा 3. कोडी हे व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर हा तुकडा आपोआप ओलांडते, आणि खूण चुकली तरी मूळ चित्र शाबूत राहते.

फाइल लहान करण्यासाठी एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रणालीने एच.264 (कमी जागा घेणारा व्हिडिओचा प्रकार) करताना विणलेल्या रेषा (एकाआड एक ओळींत पाठवलेले चित्र, इंटरलेसिंग) काढाव्यात, नाहीतर हलत्या चित्राच्या कडा करवतीसारख्या दिसतात. खानापूरकडच्या मुसळधार पावसात केयू पट्ट्यातला (डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींचा) सिग्नल तुटतो, मधले तुकडे गळतात आणि रूपांतरानंतर आवाज ओठांच्या मागे-पुढे पडतो. दोन्ही फाइलींची लांबी ताडून, शेवटची पाच मिनिटे पाहूनच मूळ फाइल पुसावी.

वीज जाऊन आल्यावर संगणक स्वतः सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय चालू करावी लागते. झोपलेल्या संगणकाला उठवणारा गजर लिनक्सवर बहुधा जागतिक वेळेत (यूटीसी, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतो. संध्याकाळी 7 साठी 13:30 लावायचे. तिथे 19:00 लावले तर संगणक रात्री साडेबाराला उठतो.