घड्याळाखाली थांबलेला मुलगा : 'ग्रेगरीज गर्ल'ची पार्श्वभूमी

ग्लासगोचं सेंट एनॉक स्टेशन १९६६ साली बंद झालं आणि अकरा वर्षांनी पाडलं गेलं. त्याचं मोठं घड्याळ मात्र वाचलं. ते उचलून कंबरनॉल्ड नावाच्या नव्या गावातल्या बाजारसंकुलात टांगलं. पुढे याच घड्याळाखाली एक उंच, लुकडा, हातापायांचं काय करायचं ते न कळणारा मुलगा मित्राचं उसनं पांढरं जाकीट घालून एका मुलीची वाट बघत उभा राहिला. ती आली नाही, तिच्याऐवजी दुसरीच आली. 'ग्रेगरीज गर्ल' या १९८१ सालच्या स्कॉटिश सिनेमातला हा प्रसंग.

ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, या सिनेमावर लोकांचा जीव आहे. आपल्याकडे मात्र शाळकरी प्रेमाच्या विनोदी सिनेमांचा विषय निघाला की गाडी थेट अमेरिकेत जाते. जॉन ह्यूजेसचा 'सिक्स्टीन कँडल्स' आला १९८४ साली. त्याच्या तीन वर्षं आधी स्कॉटलंडमध्ये इतका हळुवार आणि इतका खरा सिनेमा होऊन गेला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याची मोहिनी नेमकी कशात आहे ते शोधायचं, तर तो कुठून आला ते बघावं लागतं.

सिनेमाचा लेखक-दिग्दर्शक बिल फोर्साइथ ग्लासगोचा. त्याची उमेदवारीची वर्षं संस्था-कंपन्यांसाठी माहितीपट करण्यात गेली. कथापट करायचा तर नट हवेत आणि नटांशी बोलायचं कसं हे आपल्याला माहीत नाही, म्हणून तो ग्लासगो यूथ थिएटरमध्ये जाऊन बसू लागला. तिथली पोरं-पोरी त्याला भेटली आणि 'ग्रेगरीज गर्ल'ची संहिता त्यांच्यासाठी लिहिली गेली. पण पैसे कुणी देईना. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनेही नकार दिला. मग त्याने त्याच पोरांना घेऊन, अक्षरशः पदरमोड आणि उसनवारी करून, 'दॅट सिंकिंग फीलिंग' हा सिनेमा केला. नोकऱ्या नसलेली पोरं स्टेनलेस स्टीलची सिंकं चोरायचा बेत आखतात, अशी त्याची गोष्ट. १९७९ साली तो एडिंबराच्या महोत्सवात गाजला, तेव्हा कुठे बंद दारं किलकिली झाली. सुमारे दोन लाख पौंड जमले. सिनेमाच्या हिशेबात ही रक्कम तेव्हाही किरकोळच होती.

म्हणूनच पडद्यावरची ही मुलं नट वाटत नाहीत. ग्रेगरी झालेला जॉन गॉर्डन सिंक्लेअर तेव्हा इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होता. ग्रेगरीच्या शाळेतली सुझन झालेली क्लेअर ग्रोगन ग्लासगोतल्या एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होती. फोर्साइथने तिला तिथेच पाहिलं. चित्रीकरणाच्या आधी एका भांडणात मध्येच सापडून तिच्या चेहऱ्याला काच लागली आणि गालावर मोठी जखम झाली. दुसरी मुलगी घ्या, असा दबाव आला, पण फोर्साइथ अडून बसला. सिनेमा बघताना लक्ष ठेवा, सुझन बहुतेक वेळा एकाच बाजूने दिसते. मला हे कळलं तेव्हा त्या सिनेमाबद्दल वाटणारी आपुलकी आणखी वाढली.

आता गावाबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लासगोच्या दाटीवाटीच्या चाळींतली माणसं हलवण्यासाठी नवी गावं वसवली गेली. कंबरनॉल्ड हे त्यातलं एक, १९५५ साली जाहीर झालेलं. वाहनांचे रस्ते वेगळे, माणसांच्या वाटा वेगळ्या. म्हणून सगळीकडे पायपूल, भुयारी वाटा, उतार आणि हिरवळ. गावाच्या मधोमध काँक्रीटचं भलंमोठं संकुल, ज्याला पुढे कुरूप वास्तूंच्या यादीत कायमचं स्थान मिळालं. सिडकोच्या नव्या मुंबईत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. सगळं नवं, सगळं आखीव, आणि संध्याकाळी करायला काहीच नाही.

ब्रिटिश सिनेमात कष्टकऱ्यांची पोरं म्हटली की धुरकट आकाश आणि रडकी भिंत ठरलेली असे. फोर्साइथने ते नाकारलं. त्याच्या कंबरनॉल्डमध्ये ऊन आहे आणि उशिरापर्यंत रेंगाळणारा उत्तरेकडचा संधिप्रकाश आहे. या गावात मुलं गावापेक्षा वयाने फार लहान नाहीत. इथे जुनं कुणाचंच काही नाही, त्यामुळे मुलाने काय करावं आणि मुलीने काय करावं हे सांगणारं म्हातारं गावही नाही. पोरगी, डोरोथी, फुटबॉल खेळते. पोरगा, स्टीव्ह, केक-पेस्ट्री करतो आणि त्याची शाळेत पत असते. यावर कुणी भाषण देत नाही.

पण मुलीच्या फुटबॉलमागे मोठा इतिहास आहे. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. खेळ बायकांना झेपत नाही, असं कारण पुढे केलं. ही बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली. स्कॉटलंड तर त्याहून हट्टी. १९७१ साली महिला फुटबॉल आपापल्या संघटनांनी सामावून घ्यावं, यासाठी युरोपात मतदान झालं, तेव्हा विरोधात एकच मत पडलं आणि ते स्कॉटलंडचं होतं. नोव्हेंबर १९७२ मध्ये स्कॉटिश मुली ग्रीनॉकला इंग्लंडविरुद्ध पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या, ३-२ ने हरल्या, तेव्हाही घरची संघटना त्यांच्या पाठीशी नव्हती. मान्यता मिळाली १९७४ साली.

त्या पिढीतली रोज रायली एअरशायरची. लहानपणी केस कापून, 'रॉस' नाव लावून ती मुलांच्या संघात खेळली आणि त्या पोराला घ्यायला सेल्टिक क्लबचा माणूस आला होता, ही आठवण तिने स्वतः सांगितली आहे. मोठेपणी तिला खेळण्यासाठी फ्रान्स आणि मग इटली गाठावी लागली.

सिनेमातली डोरोथी शाळेच्या संघाच्या निवडीला येते तेव्हा प्रशिक्षक फिल मेंझिस गांगरून जातो, ते या पार्श्वभूमीवर. संघ सतत हरतोय, आघाडीला खेळणाऱ्या ग्रेगरीकडून गोल होत नाहीत, नवा खेळाडू तर हवाच आहे. डोरोथी पळते, सगळ्या पोरांना मागे टाकते. मेंझिस तिला टाळायला बघतो आणि ती शांतपणे पुढचं काय ते विचारत राहते. डोरोथी झालेल्या डी हेपबर्नने त्यासाठी पार्टिक थिसल क्लबमध्ये काही आठवडे रीतसर सराव केला होता. चेंडू तिच्या पायाला चिकटलेला दिसतो तो त्यामुळे. ग्रेगरीची रवानगी गोलीच्या जागी होते, आणि गोलपोस्टात उभा राहून तो चेंडूऐवजी तिच्याकडेच बघत बसतो.

या सिनेमातल्या मुली सगळं जाणतात, आणि त्याची खरी गोडी मला त्यातच वाटते. ग्रेगरीची दहा वर्षांची बहीण मॅडलिन त्याला कपड्यांपासून वागण्यापर्यंत सल्ले देते आणि तो ते मुकाट ऐकतो. घड्याळाखाली डोरोथीऐवजी एक मुलगी येते, ती त्याला दुसरीकडे सोपवते, दुसरी तिसरीकडे, आणि शेवटी तो सुझनसमोर उभा राहतो. सगळ्या मैत्रिणींनी मिळून ठरवलेला हा बेत, जिला खरोखर तो आवडतो त्या मुलीसाठी. त्याच सुमाराला 'पॉर्कीज'सारख्या अमेरिकी सिनेमांत मुली भोकातून बघण्याची वस्तू होत्या. 'ग्रेगरीज गर्ल'चीही सुरुवात एका नर्सला खिडकीतून चोरून बघणाऱ्या पोरांनी होते, आणि तो प्रसंग आज खुपतो. तो नसता तर बरं झालं असतं, असंच मला वाटतं. पण नंतरचा सगळा सिनेमा बघण्याचा हक्क मुलींकडे देतो आणि बावळट ग्रेगरीलाही कुठे अपमानित होऊ देत नाही.

मूळ रांगड्या उच्चारांची भीती वाटून अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी संवाद सौम्य स्कॉटिश ढंगात पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले. घरी मात्र मान मिळाला. उत्कृष्ट पटकथेचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार फोर्साइथला मिळाला, तेही 'चॅरियट्स ऑफ फायर' स्पर्धेत असताना. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात दिग्दर्शक डॅनी बॉइलने या सिनेमाची झलक दाखवली. ज्या अ‍ॅब्रॉनहिल हायस्कूलमध्ये चित्रीकरण झालं, ती शाळा २०१४ मध्ये बंद झाली आणि पाडली गेली. ज्या कॉरिडॉरमधून पेंग्विनचा पोशाख घातलेलं एक पोर या वर्गातून त्या वर्गात हाकललं जात भटकतं (का, ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही), तो आता फक्त पडद्यावर आहे.

आणि पडद्यावर ते उद्यानही आहे. सुझन आणि ग्रेगरी हिरवळीवर पाठ टेकून पडले आहेत. तो तिला सांगतो, पृथ्वी ताशी हजार मैलांनी फिरते आहे, घट्ट धरून राहायला हवं. मग दोघं पडल्या पडल्याच नाचायला लागतात, फक्त हात हलवत. कॅमेरा हळूच कलतो, जमीन उभी होते, आणि एका उतारावर ही दोन पोरं चिकटून राहिल्यासारखी दिसतात.