प्लॅटफॉर्मचा धंदा नवा नाही, मोंढ्याला विचारा

आजकाल ज्याला त्याला प्लॅटफॉर्म काढायचाय. पण स्वतः माल पिकवायचा नाही, विकतबी घ्यायचा नाही, नुसती विकणाऱ्याची न घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची आणि त्यावर कमवायचं, हे आपल्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून चालूय.

लातूरचंच बघा. औसा-निलंग्याचा शेतकरी तर येतोच, पण बिदरकडचाबी तूर-सोयाबीन घेऊन इथं येतो, का तर घेणारे इथं जास्त, आणि घेणारे का जास्त तर माल इथं जास्त येतो. शिकलेली लोकं याला नेटवर्क इफेक्ट म्हणतात. मग त्या गर्दीच्या आसऱ्यानं डाळमिल आल्या, तेलमिल, वखारी, ट्रान्सपोर्टवाले आले. कुणी सांगितलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं डोकं लावलं. माझ्या मते इनोव्हेशन ते हेच.

आता विकणारा आणि घेणारा या दोन्ही बाजू एकाच अडत्याच्या (मधल्या दलालाच्या) हातात आल्या की गडबडबी तिथंच होते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, माल ज्याचा त्यालाच शेवटी कळायचं, वर हिशोबाच्या पट्टीत अडत (अडत्याची दलाली), हमाली, तोलाई कापलेली. वऱ्हाडात कारंजाला 1886 सालीच कापसाचा बाजार नियमाखाली आणावा लागला तो काय उगाच नाही. आपल्याकडं निजामाच्या राज्यात 1930 ला बाजाराचा कायदा झाला, पुढं महाराष्ट्राचा 1963 चा.

तिकडं अमेरिकेत 1950 ला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, ते दाखवून हॉटेलात जेवायचं न बिल मागाहून भरायचं. त्यात मेख अशी की कार्डवाली कंपनी आपले पैसे मुख्यतः हॉटेलवाल्याकडून घ्यायची, बिलाच्या 7 टक्के. जेवणाऱ्याला फारसा भार नाही, म्हणून तो कार्ड खिशात ठेवणार, आणि तो आला की हॉटेलवाल्याला नाही म्हणता येत नाही. याची नीट थिअरी 2003 मध्ये रोशे आणि तिरोल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडली (तिरोलला 2014 चं नोबेल मिळालं). त्यांचं म्हणणं, किती घ्यायचं एवढाच प्रश्न नसतो, कुणाकडून घ्यायचं यावर सगळा खेळ असतो. आपल्याकडं 2016 ला फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, ते याच्याचसाठी.

त्याच 2016 च्या एप्रिलात दोन गोष्टी सुरू झाल्या, मोबाईलवरून पैसे पाठवायचं यूपीआय आणि शेतमालाचा सरकारी ऑनलाइन बाजार ई-नाम. यूपीआयमध्ये रस्ता एनपीसीआय या पेमेंट चालवणाऱ्या संस्थेचा, त्यावर ॲप कुणाचंबी वापरा, आणि 2020 च्या जानेवारीपासून दुकानदाराला चार्ज शून्य, त्यामुळं आज चहाच्या टपरीवरबी स्कॅनर आहे. ई-नामची गाडी मात्र तशी पळाली नाही. शंभर रुपये सगळीकडं शंभरच असतात, सोयाबीन तसं नसतं, ओलावा किती, काडीकचरा किती हे हातात घेतल्याबिगर लांबचा व्यापारी बोली लावत नाही, म्हणजे आधी तपासणीची लॅब पाहिजे न तिच्या रिपोर्टवर विश्वास पाहिजे. आणि दुसरं, पेरणीच्या टायमाला बऱ्याच जणांनी अडत्याकडून उचल घेतलेली असते, मग माल त्याच्याच दुकानात घालावा लागतो, स्क्रीनवर भाव कितीबी दिसू द्या.