कुरवाचं नाक वाहतं तेव्हा

"वाट चुकलेत बिचारे," कुंभारगावच्या होडीत शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या. "सीगल ना हे? समुद्र सोडून उजनीत काय करतायत?" समुद्रपक्षी धरणावर उतरले की संकट येतं, असा फॉरवर्डही त्यांनी दाखवला. हे पक्षी दर हिवाळ्यात येतात. संकटानं कितीदा यायचं?

मराठीत यांचं नाव कुरव. समुद्राचा त्यात उल्लेखही नाही. इथं दिसतो तो बहुतेक तपकिरी डोक्याचा कुरव, पण डोकं शोधत बसू नका: हिवाळ्यात ते पांढरं असतं, कानामागे फक्त एक गडद ठिपका. पंखाच्या काळ्या टोकात पांढरा डाग दिसला की ओळख पटली. वीण लडाख-तिबेटच्या उंच तलावांवर. त्यातला त्सो मोरिरी साडेचार हजार मीटरवर आहे आणि पाणी मचूळ. म्हणजे उन्हाळ्यात मचूळ, हिवाळ्यात कुणी उजनीच्या गोड्या पाण्यावर, तर कुणी थेट मुंबईच्या खाऱ्या. हे सगळं एकाच पक्ष्याला जमतं कसं?

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार. आपलं मूत्रपिंड इतकी खारट लघवी करू शकत नाही, म्हणून ते पाणी प्यायलं की क्षार बाहेर टाकण्यात अंगातलंच पाणी जातं. पक्ष्यांचं मूत्रपिंड तर याहून लेचंपेचं. कुरवानं सोय वेगळीकडे केली आहे. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत दोन ग्रंथी. त्यांतून सुमारे पाच टक्के क्षारांचं पाणी नाकपुडीत उतरतं, चोचीवरून ओघळतं आणि पक्षी मान झटकून ते उडवतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी हे उलगडलं. वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्शाइतकं समुद्राचं पाणी पाजलेल्या कुरवानं तीन तासांत ते सगळं मीठ बाहेर टाकलं. माणसाच्या हिशेबात सहा-सात लिटर!

आतली गंमत तर त्याहून भारी. ग्रंथीतल्या पेशींमधला पंप सोडियम उलट रक्ताच्याच बाजूला ढकलतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. उफराटं वाटतं ना? पण त्यामुळे पेशीत सोडियमचा तुटवडा पडतो आणि तो भरायला दुसऱ्या दारातून सोडियम आत घुसतो, येताना क्लोराइडला सोबत ओढतो. क्लोराइड पलीकडच्या नळीत झिरपतं आणि त्याच्या ऋणभारामागे पेशींच्या फटीतून सोडियमही जातो. झालं मीठ. नळ्यांमधला स्राव आणि भोवतालचं रक्त विरुद्ध दिशांनी वाहतात. गोड्या पाण्यावर हा कारखाना बंद, ग्रंथी आक्रसते. खारं पाणी मिळालं की पुन्हा फुगते.

रोहित पक्ष्याकडेही, म्हणजे फ्लेमिंगोकडेही, अशीच ग्रंथी असते. पण होडीतले सगळे रोहितचे फोटो काढण्यात दंग. मध्येच एक नदी सुरय पाण्यावर सूर मारून गेला, त्याकडेही कुणी पाहिलं नाही.

जाळ्यातल्या चिलापी मोकळ्या करणाऱ्या एका होडीमागे मात्र वीसेक कुरव घिरट्या घालत होते. आमच्या नावाड्यानं मूठभर शेव उधळली. एकानं ती वरच्या वर झेलली. शेवेतलं मीठ तो नाकातून काढेलही. खाल्लेलं तेल बाहेर टाकायला त्याच्याकडे अशी ग्रंथी नाही. मी पुडा मागून घेतला, आणि उरलेली शेव काकूंनी आणि मी संपवली.