प्रेसनोट कुठून आली आणि टोपलीत का जाते

हिवाळी अधिवेशन लागले की नागपुरातल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत प्रेसनोटांचा ढीग पडतो. मोर्चा, धरणे, निवेदन, प्रत्येकाची नोट वेगळी. एरवीही सत्कार, शिबिरे, वर्धापनदिन वर्षभर चालूच. छापून येतात त्यातल्या थोड्या. मग 'आमची बातमी दाबली' ही तक्रार ठरलेली. खरे तर दाबायला लागणारी फुरसतही डेस्कवर कुणाला नसते.

प्रेसनोटेची, म्हणजे प्रसिद्धीपत्रकाची, सुरुवात सहसा आयव्ही ली या अमेरिकी माणसापासून सांगतात. हा आधी बातमीदार, मग पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा प्रसिद्धी सल्लागार. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. अपघात होईल तितका झाकायचा, ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत. लीने कंपनीचे निवेदन आपणहून वर्तमानपत्रांना दिले, बातमीदारांना अपघाताच्या जागी नेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ३० ऑक्टोबरला ते निवेदन जसेच्या तसे छापले. त्याच वर्षी संपादकांना पाठवलेल्या जाहीरनाम्यात त्याने लिहिले होते की आमचा मजकूर जाहिरात विभागात जायला हवा असे वाटले, तर तो वापरू नका. इतकी मोकळीक आज कुठला जनसंपर्क अधिकारी देईल?

आपल्याकडे मात्र ही गोष्ट सरकारी दारातून आली. १९१९ साली सिमल्यात गृहखात्याच्या हाताखाली एक छोटा कक्ष सुरू झाला, त्याचेच पुढे केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय झाले. नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर, आणि १९६० पासून अधिवेशनाचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या 'हितवाद'पासून १९७१ मध्ये इथे दैनिक झालेल्या 'लोकमत'पर्यंत सगळ्यांच्याच टेबलावर सरकारी पत्रके येत राहिली. त्या पत्रकात आधी हुद्दा, मग नाव, मग काम. माझ्या मते आपल्या संस्थांनी तोच थाट उचलला आणि त्याला सभेच्या इतिवृत्ताची जोड दिली.

समजा, धरमपेठेतल्या एका मंडळाने रक्तदान शिबिर घेतले. नोट सुरू होते दीपप्रज्वलनाने. मग अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, 'व्यासपीठावर उपस्थित मान्यवर', प्रास्ताविक, संचालन, आभार, आणि 'यशस्वितेसाठी अथक परिश्रम' घेणाऱ्यांची यादी. ८४ पिशव्या रक्त जमले आणि ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी दिले, हे शेवटून दुसऱ्या ओळीत. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती घरांत आहेत हे इथल्या प्रत्येक उपसंपादकाला ठाऊक असते. ती ओळ पहिली आली असती तर दोन परिच्छेदांची बातमी नक्की लागली असती.

बातमीचे शेपूट कापायची सवय जुनी आहे. छपाईसाठी एकेका अक्षराचे खिळे जुळवण्याच्या काळात रकान्यात मजकूर मावला नाही, की खालच्या ओळी काढणे सर्वांत सोपे होते. म्हणून बातमीदार महत्त्वाचे वर लिहायला शिकला. आता पान संगणकावर लागते, पण जाहिरात वाढली की कात्री अजून खालूनच चालते. आपल्या नोटेत खाली बातमी असते आणि वर हारतुरे.

पाठवण्याची तऱ्हाही बदलत गेली. आधी माणूस पाकीट घेऊन धंतोली, रामदासपेठेत फिरायचा, मग फॅक्स, मग ईमेल. ईमेलच्या सुरुवातीला मराठी फाँटने फार छळले. श्रीलिपीत टाइप केलेली नोट तोच फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हे दिसत. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, तर व्हॉट्सअ‍ॅपने नवा आणला: लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून काढलेला फोटो. रात्री आठनंतर तो कोण टाइप करत बसणार? त्याच विषयावर दुसऱ्या कुणी सरळ कॉपी करता येणारा मजकूर, बोलायला हजर असलेल्या माणसाचा मोबाइल नंबर आणि फोटोतल्या व्यक्तींची नावे डावीकडून क्रमाने पाठवली असतील, तर जागा त्याला मिळते.